शेवटी बाहेर पडेल तो

धुलाईघरात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. लहान मुली तिला जरतरताई म्हणत, वरचे लोक जरतरबाई म्हणत आणि पाठीमागे सगळेच नुसतं 'आली जरतर' म्हणत. कुणी काही बोललं की ही बाई ते वाक्य ओल्या चादरीसारखं दोन टोकांना धरून झटकायची आणि 'जर' कुठे संपतं, 'तर' कुठे सुरू होतं ते समोरच्याला दाखवायची. मुकादम एकदा एका मुलीवर खेकसला की उशिरा येतेस म्हणजे तुला कामाची इच्छा नाही. जरतरने हातातलं काम थांबवलं नाही. इच्छा नसेल तर माणूस उशिरा येतो हे तिला कबूल होतं, पण उशिरा आलेल्या प्रत्येकाला इच्छा नसते हे मुकादमाला कुणी सांगितलं? बस बंद पडत नाही? पोर तापत नाही? मुकादम डोकं खाजवत निघून गेला आणि जाताना पुटपुटला की या बाईशी बोलण्यापेक्षा ड्रमशी बोललेलं बरं, तो निदान वळसा घेऊन परत जागेवर येतो.

भांडकुदळ होतीच ती. ज्यांना भांडावं लागत नाही, त्यांनी तिला नावं ठेवू नयेत.

धुलाईघर म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. एका टोकाला दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या कापडाचे ढीग, मग धुण्याचे ड्रम, मग गरम हवेचे ड्रायर, मग चादरी सपाट करणारा मोठा रोलर, आणि दुसऱ्या टोकाला घड्यांची टेबलं. त्यापुढे दार. जरतर ड्रायरवर होती. आयुष्यातली उमेदीची वर्षं तिने त्या गोल काचेकडे बघत काढली. कोपरापर्यंत हात भाजून भाजून गुळगुळीत झालेले. शाळा कधीच सुटलेली. जे शिकली ते युनियनच्या सायंवर्गात.

तो वर्ग सायकलच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा आणि खिळेमास्तर तो चालवायचे. मास्तरांची हयात छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती, म्हणून हे नाव. उलटी अक्षरं सरळ वाचायची सवय, त्यामुळे माणसांचं बोलणंही ते उलटून वाचत. त्यांनी फळ्यावर साचे मांडले. जर पहिलं, तर दुसरं, पहिलं आहे, म्हणून दुसरं आहे. हा एक. जर पहिलं, तर दुसरं, दुसरं नाही, म्हणून पहिलंही नाही. हा दुसरा. हे किंवा ते, हे नाही, म्हणून ते. हा तिसरा. साचा धड असेल तर आत खरं घातल्यावर बाहेर खोटं पडूच शकत नाही, असं ते म्हणत. मग त्यांनी दोन चोर दाखवले. दुसरं आहे, म्हणून पहिलं असणारच, हा एक चोर. पहिलं नाही, म्हणून दुसरंही नसणार, हा दुसरा. हे दोघं खऱ्या साच्यांचे कपडे घालून हिंडतात आणि अर्ध्या दुनियेला यांनीच कामावरून काढलंय, असं म्हणून मास्तर खडूची धूळ झटकत.

बाकीच्यांना जांभया यायच्या. जरतरला मात्र कुणीतरी हातात काठी दिल्यासारखं झालं. आजवर तिला नुसतं कळायचं की समोरचा लबाडी करतोय. आता लबाडी कुठे बसलीय तेही दिसायला लागलं. पाळी संपली की ती सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडायची आणि तडक वर्गाला जायची. एक दिवस चुकवला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

काठी चालवायची वेळ इस्त्रीकाकांच्या चौकशीत आली. इस्त्रीकाका म्हणजे रोलरवरचे म्हातारे कारागीर, निवृत्तीला टेकलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका सकाळी दवाखान्याच्या चादरींचा गठ्ठा करपलेला सापडला. साहेबांनी चौकशी लावली. साहेबांचा एक गुडघा दुखरा होता, ते किंचित लंगडत चालायचे. त्यांनी टेबलाशी बसून निकालच सांगितला. रोलर चालू राहिला की कापड करपतं. कापड करपलंय. म्हणजे रोलर चालू राहिला, आणि रोलर काकांचा.

युनियनतर्फे जरतर बसली होती. ती उठली.

"साहेब, कुत्रा चावला की माणूस लंगडतो. तुम्ही लंगडता. म्हणजे तुम्हाला कुत्रा चावलाय का?"

चौकशी लिहून घेणारा कारकून आधी हसला, मग घाबरून खोकला. दाराशी उभ्या बायका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. मग जरतरने शांतपणे सांगितलं की कापड जास्त कोरडं आलं तरी करपतं, रोलरचं आवरण फाटलं तरी करपतं, आणि आवरण फाटल्याची तक्रार काकांनी आधीच केली होती. काका सुटले. बाहेर आल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून कुत्र्याची गोष्ट धुलाईघरात म्हणीसारखी चालायला लागली.

साहेबही ती विसरले नाहीत. पण साहेब मूर्ख नव्हते. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे, समोरचा एकदा हरला की तो कायमचा गाढव आहे असं आपण धरून चालतो. साहेबांनी राग गिळला आणि शिकून घेतलं.

काही दिवसांनी त्यांनी जरतरला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले की बाई, तुमचं पटलं, अंदाजाने माणसाला दोषी धरणं बरं नाही. मग तुम्हीच नियम सांगा, पाळीनंतर काही झालं तर कोणाला धरायचं? म्हणजे मुकादमाची मर्जी नको, माझा अंदाज नको.

जरतरची छाती भरून आली. आली तर काय चुकलं? ड्रायरवरच्या बाईला नियम विचारायला साहेब कधी बसले होते? तिने तिथल्या तिथे वाक्य बांधलं की बटण चालू राहिलं, तर जो शेवटी बाहेर पडला तो जबाबदार. साहेब म्हणाले, बटणच का? नळ आहे, झाकण आहे, खिडकी आहे. सगळं लिहीत बसलो तर भिंत पुरायची नाही. 'काही बिघडलं तर' लिहू. जरतरने वाक्य डोक्यात फिरवून बघितलं. एक जर, एक तर, मध्ये फट नाही, चोराला शिरायला जागा नाही. तिने सही केली. दाराच्या वर पाटी लागली: पाळी संपल्यावर काही बिघडलं, तर जो शेवटी बाहेर पडला तो जबाबदार.

त्या संध्याकाळी तिने मास्तरांना नियम म्हणून दाखवला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"खरं आहे का ते?"

"साचा पक्का आहे, मास्तर."

"ते नाही विचारलं मी."

तिला राग आला. म्हाताऱ्याला स्वतःची शिष्या पुढे गेलेली बघवत नाही, असं तिने मनात म्हटलं आणि जिना उतरली.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे जरतरची सख्खी लहान बहीण, तिच्याच धुलाईघरात घड्यांच्या टेबलावर. दोघी एका खोलीत राहायच्या. थोरलीच्या तोंडाला लगाम नव्हता आणि धाकटीच्या तोंडाला शब्द नव्हते. वर्षानुवर्षं ती हंगामी म्हणून राबत होती आणि आता कुठे तिला कायम करायचं ठरलं होतं. पुढच्या महिन्यात कागद हातात पडणार होता. तिने त्याबद्दल कुणाशी बोलणं काढलं नव्हतं, फक्त दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत स्वतःचा एक नवा हूक ठोकला होता, डबा अडकवायला. हंगामी बायका डबा पायाशी ठेवायच्या.

पाळी संपायच्या वेळी धुलाईघरात एक रीत होती आणि ती कुठल्या पाटीवर नव्हती. कुणाचं पोर पाळणाघरात रडत असायचं, कुणाची शेवटची बस असायची, कुणाच्या घरी आजारी माणूस असायचं. मग कुणीतरी म्हणायचं, "तू हो पुढे, मी बघते." जी असं म्हणायची ती मागे राहून सगळ्यांची बटणं तपासायची, उघडी झाकणं लावायची, विसरलेले डबे कपाटात ठेवायची. बहुतेक दिवशी हे म्हणणारी धाकटी असायची. थोरलीच्या ड्रायरची जाळीसुद्धा तीच झाडायची, कारण थोरली वर्ग गाठायला आधीच पळालेली असायची.

ज्या बाईने 'जो शेवटी बाहेर पडला तो' हे शब्द लिहून दिले, तिने धुलाईघराची शेवटची घटका कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. शेवटी कोण राहतं, ते तिला माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं की नाही, देव जाणे. मला विचाराल तर होतं.

एके दिवशी हॉटेलांच्या मालिशखोल्यांचे टॉवेल आले. या टॉवेलांतलं तेल धुऊनही पुरतं जात नाही. ड्रायरमधून काढले की ते पसरून गार करावे लागतात, हे तिथलं पोरसुद्धा जाणतं. पण गाडी लवकर येणार म्हणून मुकादम डोक्यावर बसला आणि त्याने सगळ्यांकडून टॉवेल गरम गरमच ढकलगाड्यांत दाबून भरवले. गाडी आलीच नाही. ढीग रात्रभर पोटात धुमसत राहिला आणि पेटला. सकाळी बायका आल्या तेव्हा घड्यांची टेबलं कोळसा झाली होती, पत्रा काळा पडला होता, आणि धाकटीचा नवा हूक भिंतीत तसाच होता, लाल होऊन पुन्हा गार झालेला. बंबावरच्या माणसाने सगळ्यांच्या देखत सांगितलं की सगळी बटणं बंद आहेत, आग टॉवेलांतून निघालीय. मुकादम तेव्हा कुठेतरी दुसरीकडे बघत होता.

साहेब लंगडत आले. दारावरच्या जळक्या पाटीकडे बघितलं. विचारलं, शेवटी कोण बाहेर पडलं? सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. कुणी वाईट हेतूने वळवल्या नाहीत, रोजची सवय होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी गेटवाल्याने जरतरला बाजूला घेतलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे धाकटी शेवटी नव्हतीच. ती गेटबाहेर गेल्यावर इस्त्रीकाका चष्मा विसरला म्हणून परत आत गेले होते, आणि त्यांच्यानंतर कुणी नाही. त्याने हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर सांगीन, म्हणाला, नाही विचारलं तर मला काय पडलंय.

जरतर घरी धावतच आली. साच्याचा एक पाय निखळला होता. शेवटी बाहेर पडली ती धाकटी, हेच खोटं निघालं तर निष्कर्ष कोसळणार. तिने धाप लागलेल्या आवाजात हे सगळं सांगितलं. धाकटी कपडे दोरीवर टाकत होती.

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मीच त्यांना म्हटलं, काका, बाहेरचा दिवा घालवून या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय झालं असतं? नियम तोच. माझ्या जागी काका." तिने चिमटा तोंडातून काढून दोरीला लावला. "तू साचा मोडायला निघालीस की माणूस बदलायला, ताई?"

धाकटी पुढे म्हणाली की तुझ्या नियमात कुणाला तरी भरावं लागतंच. मी नाही तर ते. त्यांची निवृत्ती तोंडावर आली आहे, बायको अंथरुणाला खिळलेली आहे, त्यांना आता कोण काम देणार? मी निदान धडधाकट आहे. हे ती मायेने बोलत नव्हती. आवाजात धार होती, आणि ती काकांसाठी नव्हती.

हे किंवा ते. काका नाहीत, म्हणून धाकटी. तिसरा साचा. रात्रभर जरतर कूस बदलत राहिली आणि तो साचा तिच्याबरोबर कूस बदलत राहिला.

चौकशीला तेच टेबल, तोच कारकून. साक्षीच्या बाकावर मुकादम, गेटवाला आणि इस्त्रीकाका. साहेब या वेळी घाईत नव्हते. त्यांनी एकेक वाक्य सावकाश ठेवलं, पाटावर भांडी मांडावीत तसं.

"काही बिघडलं, तर शेवटी बाहेर पडलेला जबाबदार. बिघडलं आहे. शेवटी ही बाहेर पडली. म्हणून ही जबाबदार. बाई, कुठे चुकलं ते दाखवा. कुत्रा-बित्रा कुठे चावलाय का, तेही बघून घ्या."

या वेळी कारकून मोकळेपणी हसला.

जरतर उभी राहिली. बाकावर काका होते, बुटांच्या नाड्यांकडे बघत. एक वाक्य बोलायचं होतं. गेटवाल्याला विचारा, एवढंच. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिने ते परत गिळलं. मग या गर्विष्ठ बाईने, जिने जन्मात कुणापुढे माघार घेतली नव्हती, सगळ्यांच्या देखत स्वतःचंच नाक कापून टेबलावर ठेवलं.

ती म्हणाली की साचा बरोबर आहे. पण बरोबर साच्यातून खोटं बाहेर पडलं, तर आत काहीतरी खोटं घातलेलं असतं. आग हिने लावलेली नाही, बटणं बंद होती, टॉवेल गरम भरायला लावले ते मुकादमाने. म्हणजे नियमच खोटा आहे. नियम माझा आहे. मी खोटा नियम केला.

साहेबांनी दुखरा गुडघा चोळला. आवाज चढवला नाही.

"आग लावली असं कोण म्हणतंय, बाई? जबाबदार म्हणतोय आम्ही. जबाबदार कोण, ते नियम सांगतो. तुमचा नियम." मग ते जरा पुढे झुकले. "हां, ही शेवटी नव्हतीच असं काही असेल तर सांगा. ती वाट मोकळी आहे."

साहेबांना ठाऊक होतं. जरतरला त्या क्षणी कळलं की गेटवाल्याला त्यांनी आधीच विचारलेलं आहे. काका जातात की धाकटी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ते वाक्य जरतरच्या तोंडून हवं होतं, म्हणजे उद्यापासून धुलाईघरात युनियनने म्हाताऱ्याचा बळी दिला ही नवी म्हण चालली असती.

ती बोलायच्या आत धाकटी उठली.

"मीच होते शेवटी," ती म्हणाली. "लिहा."

कारकुनाने लिहिलं. काकांनी मान वर केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो, पण तिथे संन्यासी स्वतः चालत गेला आणि चोर साक्षीच्या बाकावर पाय हलवत बसला होता. मुकादमाचं म्हणतोय मी. काकांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अर्थात त्यांना चांगलं म्हणायलाही रेटत नाही.

धाकटीला काढलं. निष्काळजीपणाचा शेरा मारून काढलं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही धुलाईघराने तिला दारात उभं केलं नाही. आता ती जिने पुसते. खोलीही तिने सोडली. पेटी उचलताना थोरलीने हात लावला तर म्हणाली, राहू दे, आणि पुढे असंही म्हणाली की तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. रस्त्यात भेटली तर बोलते. कशी आहेस विचारते, बरी आहे सांगते. परक्याशी बोलावं तसं.

नियमाची पाटी जळाली होती. साहेबांनी नवी लावली, आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली: कामगारांच्या संमतीने. म्हणे ती पाटी आता आणखी दोन-चार कारखान्यांत लागलीय. मुकादम आहे तिथेच आहे.

मास्तरांनी 'मी म्हटलं होतं' असं एका शब्दाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने त्यांच्यावर डस्टर फेकलं असतं. ते फक्त सरकून बसले, तिला जागा केली, आणि त्या दिवशी काही शिकवलं नाही.

वर्गाला ती आता उशिरा जाते. कारण पाळी संपल्यावर जे घडतं ते तिला रोज बघायचं असतं. भोंगा वाजला की बायका टेबलं तशीच टाकून दाराकडे निघतात. तू हो पुढे, असं आता कुणी म्हणत नाही. खांद्याला खांदा लावून सगळ्या एकदम त्या दारातून घुसतात, कुणीही शेवटची राहू नये म्हणून. पोर पाळणाघरात आहे तिला वाट मिळत नाही. परवा एकीचा हात चौकटीत चिरडला. झाकणं उघडी असतात, ड्रायरची जाळी भरलेली असते. सगळे गेले की जरतर एकटी फिरते, बटणं बघते, झाकणं लावते, डबे कपाटात ठेवते, आणि शेवटी बाहेर पडते. रोज.

परवा दाराशी गर्दी ओसरल्यावर इस्त्रीकाका मागे रेंगाळले. निवृत्तीचा हार त्यांच्या गळ्यात पुढच्या आठवड्यात पडणार होता. त्यांनी चष्मा चाचपला, डोळ्यांवरच होता. पत्र्याच्या काळ्या डागाकडे बघत ते म्हणाले, "आज तू हो पुढे, पोरी. मी बघतो."

जरतरने त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हेही माहीत होतं.

"नको काका," ती म्हणाली. "जर तुम्ही मागे राहिलात—"

"तर काय?"

तिने झाडू उचलला.

"तर काही नाही. व्हा पुढे."

आणि काका झाले पुढे. एकदाही मागे न बघता.